मिंचमूरवर चिक्की

"चढ दिसायच्या आधी गियर टाक," वॅटी ओरडतो,
"दिसल्यावर पाय घाबरतात."
एकाहत्तर वर्षांचा आहे. इनरलीदनच्या गिरणीत
तीस वर्षं माग लावायचा.
इथे त्या माणसाला ट्यूनर म्हणतात, जणू पियानोच;
आमच्या इचलकरंजीत साधा जॉबर,
कानाला बिडी, हातात पाना.
गिरणी गेली. पाना राहिला.
आता तो सायकली लावतो,
आणि रविवारी मला डोंगरात नेऊन दमवतो.

खाली ट्वीड नदी. कमरेइतक्या पाण्यात उभा
एक गळवाला, पहाटेपासून काहीही न पकडता समाधानी.
पूल ओलांडला की ट्रॅक्वेअर:
गवत माजलेली वाट, दोन दगडी अस्वलं,
आणि मधे फाटक, सतराशे पंचेचाळीसपासून बंद.
राजा परत येईल तेव्हाच उघडू, असा शब्द दिला होता म्हणे.
राजा हरला. शब्द तसाच,
कड्यांना गंज.
मी सायकल टेकवून बघत राहिले.
एका शब्दापायी जन्मभर
बाजूच्या दाराने ये-जा करणारी माणसं
मला नवी नाहीत.
काकांनी आणि बाबांनी
चार मागांच्या वाटणीवरून अशीच कडी घातली होती.
माग भंगारात गेले. कडी आहे.

मग चढ.
याच वाटेने कधी गुरांचे कळप दक्षिणेला हाकत नेत,
त्यांच्या खुरांनी खणलेल्या घळीत
माझं पुढचं चाक अडकतं,
आणि स्कॉटलंडच्या रानात
शुद्ध कोल्हापुरी शिवी घुमते.
स्प्रूसची झाडं इतकी दाट
की खाली उजेड उधारीवर.
मधेच एक अख्खा उतार तोडलेला, नुसते बुंधे,
अर्धी हजामत टाकून न्हावी उठून गेल्यासारखा.
श्वास कानात. घाम भुवईत.
वॅटीची बॅटरीवाली सायकल पुढे, शीळ घालत.
"बॅटरी विकतची," तो मागे न बघता म्हणतो,
"गुडघे माझेच."

वर, हीदर सुरू होतो तिथे, चीज वेल.
विहीर कसली, ओंजळभर झरा,
दगडावर नाव कोरलेलं.
वाटसरूने पऱ्यांसाठी चीजचा तुकडा ठेवायचा,
नाही तर उतारावर त्यांची मर्जी.
वॅटी खिसे चाचपतो. चीज घरी, फ्रीजवर.
चेहरा असा, की देवळाच्या पायरीवर कळावं
नारळ रिक्षात राहिला.

माझ्या बॅगेत चिक्की होती,
आईने पाठवलेली, गूळ जरा जास्त झालेली.
दाताने तोडून अर्धी ठेवली दगडावर.
उष्टी झाली, हे मागाहून लक्षात आलं.

उताराला लागलो.
पेडल थांबवलं की मागचं चाक
बारीक खटखटतं,
आणि वेग वाढला की तो आवाज
एका शेडचा होतो, मग अख्ख्या गल्लीचा.
मी आठ वर्षांची, सुताच्या पोत्यांवर झोपलेली,
तुसाने नाक भरलेलं, कुणीतरी हाक मारतंय आणि
तिसऱ्या वळणाला मूळ आडवं आलं.

मी हीदरमध्ये. सायकल माझ्यावर.
गुडघा सोललेला, आभाळ जागच्या जागी.

वॅटी वळून आला. आधी सायकल तपासली, मग मला.
"परीला शेंगदाण्याची ॲलर्जी असणार," गंभीरपणे म्हणाला.
मग चाक उचलून फिरवलं,
डोळे मिटून कान लावला.
गुंडूअण्णांनंतर
असा कान लावणारा माणूस मी पाहिला नव्हता.
"तीन तारा ढिल्या. बाकी चालेल."

परतताना फाटक बंदच.
अस्वलं ओली.
काकांना फोन लावावा, असं मनात आलं;
तिकडे रात्र झाली असेल, उचलायचे नाहीत,
आणि उचललाच तर पहिलं वाक्य कोणतं?

उरलेली चिक्की वॅटीला दिली.
बराच वेळ चघळत राहिला,
मग दातातला शेंगदाणा काढत म्हणाला,
"पुढच्या वेळी अख्खी ठेव."